नुसती बॉर्डरलाइन

जळगाव, १७ नोव्हेंबर

चि. ऋतिका,

आशीर्वादाची ओळ मुद्दाम गाळली आहे. तू मागशील तेव्हा देईन. न विचारता डोक्यावर हात ठेवायचा नाही असं ठरलंय ना आपलं.

दुकानाच्या माळ्यावर बसून लिहितोय. खाली नजीर मोटरीच्या स्टेटरमधलं जळकं तांबं ओढून काढतोय, त्याचा वास वर येतोय. गव्हाला पाणी सुरू झालं की इकडे मोटरींची रांग लागते, तुला सांगायला नको. शाळा सोडल्यापासून कोटेशनशिवाय मी काही लिहिलेलं नाही. शुद्धलेखन तपासू नकोस. तपासशील, हेही माहीत आहे.

फोन नाही, भेट नाही, आणि उपचारांचा कोर्स संपेपर्यंत मी धुळ्यात पाय ठेवायचा नाही, ही तुझी अट. 'नाना इथे दिसले तर मी त्या खुर्चीवर बसणार नाही,' असं तू माझ्या अक्काच्या ओट्यावर तोंडावर सांगितलंस. मी शब्द दिला. 'मोटर परवा मिळेल' म्हणून गिऱ्हाइकाला देतो तसला नव्हे. खरा.

पत्राची कल्पना धुळ्याच्या डॉक्टर कामिनी मॅडमची. म्हणाल्या, "तुम्हा दोघांचं भांडण शब्दावरून कमी आणि सुरावरून जास्त होतं. पत्राला सूर नसतो. आधी काय घडलं ते तुमच्या बाजूनं लिहा. तिला पटलंच पाहिजे असं नाही." म्हणून तुला माहीत असलेलंच परत लिहितो.

सप्टेंबरात इथल्या डॉक्टरांनी तुझ्या दुखण्याचं नाव सांगितलं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. त्यातला पहिलाच शब्द मी ऐकला, कारण तेवढाच ओळखीचा. माझी शुगर बॉर्डरलाइन, तुझ्या आईचं थायरॉइड बॉर्डरलाइन, हितेंद्रमामा दहावीला बॉर्डरवर पास. आपल्याकडे बॉर्डरलाइन म्हणजे आजाराच्या अलीकडचं गाव. नशिराबाद लागलं म्हणजे जळगाव आलं असं थोडंच असतं. मला एकदम हलकं वाटलं. दवाखान्यातून उतरल्या उतरल्या मी तुला उसाचा रस पाजला. तू अर्धा ग्लास तसाच ठेवलास. तू पूर्ण नाव ऐकलं होतंस.

त्याच आठवड्यात मामाचा फोन आला. मी म्हणालो, "काही नाही रे, नुसती बॉर्डरलाइन आहे. शुगर असते तशी. जरा पथ्य पाळलं, जरा हट्ट कमी केला की जाईल." तू जिन्यात होतीस. कान तुला माझेच आलेत. फाटकातून मोटर आत येते तेव्हा खाली उतरवायच्या आधी मी सांगतो, बेअरिंग गेलंय की वाइंडिंग. तू जिन्यातून एक शब्द ऐकून ओळखलंस की बाप तुझं दुखणं खरं मानतो की नाही.

त्या संध्याकाळचं लिहीत नाही. बाथरूमचं दार मी आणि नजीरनं तोडलं, एवढंच. आता नवीन दार बसवलंय. त्याला आतून कडी नाही. मग तू अक्काबरोबर धुळ्याला गेलीस, ते बरंच केलंस.

कामिनी मॅडमनी पहिल्याच दिवशी मला खुर्चीत बसवून सांगितलं, की नाव बॉर्डरलाइन असलं तरी दुखणं पूर्ण आहे. इतरांना खरचटतं तिथे हिला भाजतं. समोरचा माणूस आपल्याला सोडून जाणार, ही भीती हिला चोवीस तास. आणि मशीनचं विचारलं तर म्हणाल्या, "चुंबकाचे ठोके द्यायचे असतात, डोक्याला बाहेरून. शॉक नाही, भूल नाही. नैराश्यासाठी हे वापरलं जातं, आणि तिला नैराश्य आहेच. बॉर्डरलाइनसाठी अजून अभ्यास चालू आहेत. काहींना फरक पडलेला दिसतो. खात्री मी देणार नाही. गोळ्या आणि बोलण्याचे उपचार सोडायचे नाहीत." खात्री देणार नाही असं तोंडावर सांगणारा माणूस मी आमच्या धंद्यात पाहिलेला नाही. म्हणून माझा विश्वास बसला.

मग मशीन चालवणाऱ्या नाजमीननं ते आठ आकड्यासारखं कॉइल तुझ्या डोक्याजवळ आणलं आणि मॅडम म्हणाल्या, "आधी मोटरची जागा शोधू." मी स्टुलावरून उठलोच. म्हटलं, मॅडम, मोटर हे आपलं खातं, मी बघू का? नाजमीननं तोंडाला ओढणी लावली. मेंदूत हातपाय हलवणारी जागा असते, तिला मोटर म्हणतात, ते मला तिथे कळलं. टक् असा एक ठोका पडला आणि तुझा अंगठा आपोआप उडाला. तू त्याच्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि हसलीस. कितीतरी महिन्यांनी. ते हसू घेऊन मी जळगावला आलो.

पत्र हिलालजवळ देतोय. त्याचा टेम्पो मंगळवारी आणि गुरुवारी धुळ्याला मोटरी पोचवतो. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

नाना

*

जळगाव, २६ नोव्हेंबर

चि. ऋतिका,

माझं पत्र मला परत मिळालं. पाकीट तेच, कागद तेच, फक्त तीन ठिकाणी लाल पेनानं गोल. 'पथ्य', 'हट्ट' आणि 'नुसती'. खाली तुझ्या अक्षरात, 'हे शब्द पुन्हा नकोत.'

नजीरनं खांद्यावरून डोकावून पाहिलं. "शेठ, पेपर तपासून आला वाटतं. पास की नापास?"

"बॉर्डरवर," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली. नजीरनं पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "हा शब्द आपण दुकानातून बंद करू. शुगरला पण दुसरं काहीतरी नाव ठेवू."

तर ते तीन शब्द बंद. मी काय बोललो ते मीच सांगत होतो, तरी बंद. पण एक विचारतो. गोल केलेस म्हणजे अख्खं पत्र वाचलंस ना? वाचलं नसतं तर मधले ते तीन शब्द सापडले नसते. एवढ्यावर मी आठवडा काढला.

तुझी आई बरी आहे. तुझ्या खोलीत बसून तुरीच्या शेंगा सोलते. स्वयंपाकघरात बसून का नाही सोलत, हे मी विचारत नाही. अक्काचा फोन येतो. तिच्याकडून कळतं की डोकं थोडं दुखतं, पण ठोके घेऊन आल्यावर तू झोपतेस. मॅडम म्हणाल्या होत्या की सुरुवातीला तसं दुखतं.

एक सहज विचारतो. ते मशीन चालता चालता मध्येच बंद पडतं का? म्हणजे टकटक टकटक, मग शांत, मग परत टकटक, असं? हिलाल सांगत होता की धुळ्याला व्होल्टेज फार कमी-जास्त होतं, म्हणून मनात आलं. मॅडमना विचारून बघ. मी विचारलं असं सांगू नकोस.

थंडी वाढली आहे. तो करडा स्वेटर पातळ आहे, वरून शाल घेत जा.

नाना

*

जळगाव, ५ डिसेंबर

ऋतिका,

मंगळवारी हिलालनं दुसरं पत्र परत आणून दिलं. त्यात एकच गोल. 'करडा स्वेटर'. आणि शेजारी, 'हा मी धुळ्यात घेतलाय.'

हो. मी येत होतो.

पहिल्या आठवड्यापासून, मंगळवारी आणि गुरुवारी, हिलालच्या शेजारी बसून. त्याला दोष देऊ नकोस. तो दर वेळी पारोळ्याला चहा प्यायला थांबायचा आणि म्हणायचा, "नाना, अजून उतरून परत जाता येतं बघा. जळगावची गाडी समोर उभी आहे." मी त्याच्याही चहाचे पैसे द्यायचो आणि परत टेम्पोत बसायचो.

मॅडमच्या दवाखान्याला लागून ती रक्त-लघवी तपासायची लॅब आहे ना, तिच्या बोळात एक बाकडं आहे. त्याची भिंत आणि तुझ्या खोलीची भिंत एकच. मी तिथे बसायचो. एकदोनदा तू रिक्षातून उतरताना दिसलीस, नव्या स्वेटरमध्ये. भेटायचं मनात नव्हतं, खरंच. तू आत गेलीस, बसलीस, एवढं कळलं तरी पुरे, असं पहिल्या दिवशी ठरवलं होतं.

पण मेले माझे कान. खिशात पेचकस असतोच. मोटरीचं बेअरिंग ऐकायचं असलं की आम्ही पेचकसाचं टोक मोटरीला लावतो आणि मूठ कानाला. मी तो भिंतीला लावला. लॅबमधल्या मुलीला वाटलं की मी वायरमन आहे. तिनं मला त्यांचा बंद पडलेला पंखा दाखवला. तो दुरुस्त करून दिला, म्हणून बसू दिलं.

आणि मला ते ऐकू आलं. टकटकटकटक, मग शांत. परत टकटकटकटक, परत शांत. प्रत्येक वेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ऋतिका, मोटर जेव्हा अशी चालते तेव्हा ती जळायच्या तयारीत असते. लोड झेपत नाही, ट्रिप होते, थंड होते, परत उठते, परत ट्रिप. एक दिवस उठत नाही. वार्निशचा धूर निघतो आणि शेतकरी ती माझ्याकडे घेऊन येतो. आणि इथे त्या कॉइलखाली तुझं डोकं होतं.

विचारायचं कुणाला? विचारलं असतं तर मी तिथे बसतो हे कळलं असतं. म्हणून हिलालच्या नावावर व्होल्टेज घातलं. तुझा लाल गोल हातात पडला तेव्हा थांबायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या डोक्यात आलं, की तिला कळलंच आहे, आता मशीनचं तरी बघून घेऊ. म्हणून काल परत आलो.

काल शांतता लांबली. नेहमीच्यापेक्षा खूप लांबली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. पुढचं तुला माहीत आहे. मी दार उघडून आत, "बंद करा, कॉइल गेलंय," असं ओरडत, हातात पेचकस. आवाज लागू नये म्हणून तुझ्या कानात घातलेला बोळा खाली पडला होता आणि नाजमीन वाकून तो शोधत होती. एवढंच झालं होतं.

तू चिडली असतीस तर मला समजलं असतं. तुझा राग मला ओळखीचा आहे. तू मशीनची टोपी काढून नाजमीनच्या हातात दिलीस, चप्पल घातलीस, आणि माझ्या बाजूनं अशी गेलीस, जणू मी त्या खोलीत उभाच नव्हतो.

मॅडमनी मला बोळातल्या त्याच बाकड्यावर बसवलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "ते मशीन बंद पडत नाही. काही ठोके द्यायचे, मग थांबायचं. तो थांबा आम्ही ठरवलेला असतो. न थांबता देत राहिलो तर झटका यायची भीती असते. थांबणं हा उपचारातलाच भाग आहे."

"मला ट्रिप वाटलं," मी म्हणालो.

"मला विचारायचं होतंत."

"मी इथे आहे हे कळलं असतं."

"आता कळलं," मॅडम म्हणाल्या.

तिथून मी अक्काकडे गेलो, फाटकापर्यंतच. अक्का बाहेर आली आणि आमच्या गावच्या बोलीत म्हणाली, "कौतिक, तू आठेन जाय. पोरनी दार लाई लिधं शे." मोठी बहीण आहे, लहानपणी माझं नाक पुसलंय तिनं. 'इथून जा' असं, अशा आवाजात, ती मला कधी म्हणालेली नाही. मी निघालो.

आज शुक्रवार. तू गेली नाहीस, हे मॅडमकडून कळलं.

माफी मागतोय. तिच्यावर गोल करायचा असेल तर कर.

नाना

*

जळगाव, ७ डिसेंबर, रविवार

ऋतिका,

आज टेम्पोचा वार नाही. तरी हिलाल हे पत्र घेऊन यायला निघालाय. तो फाटकात देऊन परत फिरेल, आत येणार नाही. टेम्पोत तो एकटाच आहे. वाटलं तर खिडकीतून बघून घे.

सकाळी अक्काचा फोन आला. काल रात्रीपासून खाणं नाही, बोलणं नाही. दाराला कडी नाही, नुसतं लोटलेलं आहे, आणि अक्का उंबऱ्यात चटई टाकून बसून आहे. ('नुसतं' चुकून आलं. खोडत नाही, तूच गोल कर.) तुझ्या गोळ्या तिनं स्वतःच्या कनवटीला बांधल्यात. तू तिला एकच वाक्य दोनदा म्हणालीस म्हणे. ती ते तुझ्याच शब्दांत मला सांगत होती आणि सांगताना अडखळत होती. 'ते आले तर त्यांनी शब्द मोडला. नाही आले तर त्यांनी मला टाकलं.'

मी फोन ठेवला आणि मोटरसायकलची चावी घेतली. नजीर दारात उभा.

"कुठे?"

"धुळ्याला."

"बोलावलंय?"

"नजीर, बाजूला हो. तुझी पोरगी असती तर?"

"माझी असती तर मी पण चावीच घेतली असती," तो म्हणाला, "आणि तुम्ही माझ्या हातातून काढून घेतली असती. आणा इकडे." त्यानं खरंच हात पुढे केला. इतकी वर्षं तो मला शेठ म्हणतो ते गमतीनं. आज त्यानं नाव घेतलं. "कौतिक, मोटर उघडायची घाई केली की काय होतं? गरम असताना हात घालतो आणि चांगली कॉइल पण तोडतो. बस. पाणी पी."

मी चावी दिली. दिली म्हणण्यापेक्षा त्यानं माझी बोटं उलगडून काढली.

मग मॅडमना फोन केला. त्या काल येऊन दाराशी बसून तुझ्याशी बोलून गेल्या, हे त्यांनी सांगितलं. तू काय बोललीस ते सांगितलं नाही, मी विचारलं तरी. एवढंच म्हणाल्या, की अक्कानं जागेवरून हलायचं नाही, जरा वेगळं वाटलं तर रात्र असो की दिवस, तुला सरळ दवाखान्यात आणायचं, त्या तिथे असतील. आणि म्हणाल्या, "उद्या ती आली तर आपण पुढे चालू ठेवू. नाही आली तर मी तिला ओढून आणणार नाही. तुम्हीही आणायचं नाही." मी विचारलं, मग मी करू काय? त्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकता फार चांगलं. ऐकल्यावर थांबता येतं का बघा."

आता तुझ्या त्या वाक्याचं. सकाळपासून मी ते उलटसुलट करून पाहतोय. आलो तर मोडलं, नाही आलो तर टाकलं. दोन्ही फेजला करंट, हात कुठेही लावा. तुझं चुकलंय असं मी म्हणत नाही. मी तुला तसंच शिकवलंय. तू लहान असताना चिडलीस की मी दुकानात निघून जायचो, आणि रडलीस की सगळं टाकून धावत यायचो. मध्ये कधी नुसता बसून राहिलो नाही.

तर ऐक. मी येत नाहीये. दिलेला शब्द एकदा मोडलाय, दुसऱ्यांदा मोडत नाही. आणि मी कुठे जातही नाहीये. दुकानाच्या माळ्यावर बसलोय, वार्निशच्या खोलीशेजारी, तुला माहीत आहे ती जागा. तुझी आई डबा इथेच घेऊन आली आहे, ती पण बसली आहे. फोन समोर आहे. 'या' म्हणालीस तर नजीर चावी देईल, तसं त्यानं कबूल केलंय. 'या' म्हणाली नाहीस तर आम्ही इथेच. उद्याही इथेच. तू खुर्चीवर बसलीस तरी इथे, नाही बसलीस तरी इथे. तू बसण्यावर आमचं बसणं अवलंबून नाही.

ह्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. येणं नाही, टाकणं पण नाही. तुझ्याकडे ह्याला शब्द असेल तर लिहून पाठव.

हिलालनं हॉर्न वाजवला. देतो.

नाना

*

जळगाव, १० डिसेंबर

चि. ऋतिका,

सोमवारी सकाळी अक्काचा फोन आला तेव्हा मी उचलून कानाला लावला. तीच बोलली. "कौतिक, पोर उठनी. नहाई लिधं. दोन पोळ्या खाद्यात." मग, "मशीनवर बठाले गई शे, नाजमीनना फोन उना." तू खुर्चीवर बसायला गेलीस, अशी मी तुझ्या आईला हातानंच खूण केली. ती खूण तिला बरोबर कळली, आणि तिनं माझ्या डब्यातली पोळी मोडून आधी स्वतः खाल्ली. शनिवारपासून ती पण जेवली नव्हती, ते मला तेव्हा दिसलं.

आणि काल हिलालनं तुझं पाकीट आणलं. ह्या वेळी माझं पत्र नव्हतं त्यात. तुझा स्वतःचा कागद होता. एक ओळ.

'पत्र वाचलं. नुसतं वाचलं.'

आणि 'नुसतं'भोवती तूच केलेला लाल गोल.

मी मोठ्यानं हसलो. खाली एक शेतकरी मोटर घेऊन आला होता, फैजपूरचा, केळीच्या बागेतली मोटर. तो घाबरून नजीरला म्हणाला, तुमचे मालक बरे आहेत ना? नजीर म्हणाला, "बरे आहेत. निकाल लागलाय त्यांचा."

मी तो कागद दुकानात लावलेला नाही. लावावासा वाटला होता. तुला विचारल्याशिवाय नको, म्हणून पाकिटात परत ठेवला.

धुळ्याकडे फिरकलेलो नाही. मंगळवारी हिलाल एकटाच गेला. परत येऊन म्हणाला, पारोळ्याला चहाच बेचव लागला.

नाना

*

जळगाव, २ जानेवारी

चि. ऋतिका,

काल फोनवर जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही, म्हणून लिहितोय.

त्याआधी एक. मध्यंतरी त्या बुधवारी काय झालं ते अक्कानं मला सांगितलं. शेजारची बाई काहीतरी बोलली, तू ताट फेकलंस. भिंतीचा उडालेला टवका अक्कानं मला मोजमापासकट सांगितला, तिची भिंत आहे. पण पुढचं सांगताना तिचा सूर वेगळा होता. तू मागच्या दारी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिलीस. अक्का मागून येत होती तर हात वर करून तिला थांबवलंस. बराच वेळ उभी होतीस. मग आत आलीस, ताट उचललंस, घासलंस, आणि म्हणालीस, "आत्या, मी थांबले." अक्काला त्याचा अर्थ लागला नाही. तिनं मला विचारला. मी म्हटलं, मला पण पूर्ण लागला नाही, पण मोठी गोष्ट आहे.

कामिनी मॅडमना मी फोन करून विचारलं, बरी झाली म्हणायची का? त्या म्हणाल्या, म्हणू नका. मशीननं झालं, गोळ्यांनी झालं, बोलण्यानं झालं की आपोआप, तेही सांगता येणार नाही. परत वाईट दिवस येतील. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही एकदा तरी खात्री द्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या मोटरीला किती दिवसांची गॅरंटी देता?" मी म्हटलं, व्होल्टेज बरं राहिलं तर हंगामभर. "मग तेवढीच," म्हणाल्या.

आता कालचं. संध्याकाळी दुकानात गर्दी होती. फोन वाजला, नाव तुझं. किती महिन्यांनी ते नाव माझ्या फोनवर उमटलं. मी उचलला आणि हॅलो म्हणालो. पलीकडे काही नाही.

तू ओळखतेस मला. अशा वेळी मी काय करतो? हॅलो हॅलो हॅलो. ऐकू येतंय का. बाळा काय झालं. कुठे आहेस. बोल ना. आणि मग तू फोन आपटतेस. माझ्या तोंडात ते सगळं येऊन उभं राहिलं. नजीरनं माझ्याकडे बघून हातातली हातोडी खाली ठेवली. मोटर न्यायला आलेला फैजपूरवाला काहीतरी विचारायला लागला तर त्यानं त्याला दंड धरून बाहेर नेलं.

मी कान लावला. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी. अक्काच्या चपलांचा आवाज, एक पाय ओढून चालते तो. एक मोटरसायकल गेली. आणि तुझा श्वास. आधी वर चढलेला, मग हळूहळू खाली येणारा. बंद पडलेल्या मोटरीला श्वास नसतो. पेचकस लावून इतकी वर्षं जे ऐकलं, त्यात असं काही कधी ऐकलं नव्हतं.

मी बोललो नाही. माझ्या आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प राहिलेलो नाही, तुझ्या आईला विचार.

मग तू बोललीस. "नाना, ट्रिप नाही झाले. थांबले होते."

मी हूं म्हणालो. तू म्हणालीस, "ठेवू?" मी म्हणालो, "ठेव." आणि तू हळूच ठेवलास. आपटला नाहीस. तेवढं मला ऐकू येतं.

कोर्स संपला, म्हणजे तुझी अटही संपली. तरी मी आपणहून धुळ्याला येणार नाही. तू तिथेच राहायचं म्हणालीस तरी अक्काला मी आधीच विचारून ठेवलंय, तिची ना नाही. नवीन दाराला तुझ्या आईनं बाहेरून रंग दिलाय, आतून तसंच ठेवलंय. आतून कोणता द्यायचा ते तिला ठाऊक नाही म्हणते.

परवा रविवारी घरी भरीत करणार आहोत. नजीर आणि हिलाल येतील, आणि अर्थात बोलतील खूप. तू ये असं मी म्हणत नाही.

वांगी जास्तीची आणतोय.

नाना